फोटोच्या पोटातला पत्ता

११ ऑक्टोबर १९९९, सोमवार. भिगवण

आले एकदाची! स्टँडवर उतरले तर समोर ओळीने मच्छीची हॉटेलं, आणि नवरात्र बसल्यामुळे निम्म्या बाकड्यांवर हॉटेलवालेच आडवे झालेले. एकाने झोपेतूनच विचारलं, ताई कुनाकडं? मी म्हटलं, फोटो स्टुडिओत, नोकरीला. तो उठून बसला आणि थेट स्टुडिओच्या दारापर्यंत माझी ट्रंक पोचवून गेला. पैसेही घेतले नाहीत. गाव आवडलं मला.

नवी वही, पहिलं पान, तेव्हा आधी खरं काय ते लिहून टाकते. मी, रोहिणी, टेंभुर्णीचं सासर सोडून पळून आले आहे. नवरा दादासो, ट्रक ड्रायव्हर. तो मारायचा. का मारायचा ते लिहीत बसत नाही, त्यालाही सांगता आलं नसतं. पहिल्यांदा पळाले तेव्हा चौथ्या गावातून केसाला धरून परत आणलं, आणि वर म्हणाला, कुठंबी जा, काढीनच हुडकून. या खेपेला मी कुठे आहे ते दोघींनाच माहीत आहे. एक बार्शीची लीलामावशी, जिने मला वाढवलं, आणि दुसरी वैष्णवी, माझ्याबरोबर कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. ती बारामतीला एका क्लासमध्ये शिकवते. ही नोकरी तिनेच बघून दिली. टेंभुर्णी इथून फार लांब नाही, पण मावशीचं म्हणणं, तो आधी पुणं-मुंबई पालथं घालेल, नाकासमोर कशाला बघेल.

खोली ठमाबाईंकडे मिळाली. एकट्याच असतात. बाजारतळाच्या मागे, लिंबाखालून जिना, वर एक खोली, हिरवं दार. खिडकीतून धरणाचं पाणी दिसतं. आज किती दिवसांनी कुणाच्या पावलांकडे कान न लावता जेवले.

१४ ऑक्टोबर

मालकांचं नाव बापूसाहेब. पन्नाशीचे, अंगाने दांडगे, बोलणं मात्र कसं मऊ. त्यांचे वडील मेंढरं घेऊन दर वर्षी कोकणात उतरायचे. मुलाने मेंढरं सोडून कॅमेरा धरला. आता तर त्यांनी नवलच आणलंय, फ्लॉपी घालायचा कॅमेरा! रोल नाही, धुणं नाही. खटका दाबला की फोटो फ्लॉपीवर, फ्लॉपी कॉम्प्युटरमध्ये, आणि माणूस पडद्यावर. बायका पडद्यावर स्वतःला बघून पदर सावरतात. माझं काम त्या फोटोंचे डाग काढायचे, चेहरा जरा उजळ करायचा आणि छापायचा. उजळ किती करायचा ते मुलीची आई सांगते.

गिऱ्हाईक बहुतेक स्थळासाठी फोटो काढणारं. तुळशीचं लग्न झालं की घाई सुटणार, म्हणून आत्तापासूनच रीघ आहे. पोरी डाळज, निमगाव केतकी, पळसदेव अशा लांबून येतात, पण राहतात गावात कुठे? सगळ्या शेतातल्या वस्त्यांवर. छापलेले फोटो त्यांच्याकडे पोचवतो इंद्रजित, दूधगाडीवाला. सकाळी दूध गोळा करायला जाताना प्रत्येक वस्तीवर पाकीट टाकत जातो. फोटोंच्या फ्लॉप्या पुण्याच्या एका विवाह मंडळाकडेही जातात. त्यांनी म्हणे इंटरनेटवर स्थळं मांडली आहेत.

१९ ऑक्टोबर, दसरा

कॅमेऱ्याची पूजा झाली. कॅमेऱ्याला झेंडूचा हार घातला तर लेन्सच झाकली गेली. बापूसाहेब म्हणाले, राहू द्या, आज त्याची सुट्टी हाय. आणि तासाभरात सुट्टी मोडून माझाच फोटो काढला. मी नको म्हणत होते. ते म्हणाले, नव्या फ्लॉपीचा पहिला फोटो लक्ष्मीचा पाहिजे. आता सणाला त्यांचं मन कुठे मोडू! फक्त एवढं बजावलं की हा फोटो दुकानाच्या पाटीवर लावायचा नाही. ते म्हणाले, शब्द हाय माझा, पाटीवर न्हाई लावनार.

फोटो छान आलाय. हसतेय चक्क. ही बाई मला आवडली.

१० नोव्हेंबर

दिवाळी झाली. ठमाबाईंनी मला अभ्यंगस्नानाला तेल चोळलं आणि पाठीवरचे वळांचे डाग दिसल्यावर फक्त हात हलका केला. त्यांच्यासमोर रडू आलं नाही, खोलीत येऊन मात्र पोटभर रडले.

१५ नोव्हेंबर, सोमवार

आज फार वाईट झालं.

डाळजची कौसल्या, दसऱ्यानंतर तिचा फोटो आम्ही काढला होता, आईला घेऊन रडत स्टुडिओत आली. पुण्याकडच्या एका मुलाला त्यांनी नकार कळवला होता. मुलगा पीत होता म्हणून. तर तो काल भर दुपारी मोटारसायकलवर त्यांच्या वस्तीवर हजर. घरचे पुरुष कारखान्यावर गेलेले. शिव्या घातल्या, दारावर लाथा मारल्या, फोटो तोंडावर फेकून गेला. आई एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारत होती. बया, आमच्या वस्तीवर पोष्टमनला चुकायला हुतं, त्याला वाट दावली कुनी? मंडळाच्या कागदावर तर फक्त गावाचं नाव होतं.

त्या गेल्यावर मी कौसल्याचा फोटो पडद्यावर उघडला. चेहरा, साडी, मागचा पडदा, बस. मग कॅमेऱ्याबरोबर आलेल्या प्रोग्रामात फोटोची 'माहिती' म्हणून एक खिडकी आहे ती उघडली. फोटो काढल्याची तारीख, वेळ, कॅमेऱ्याचा नंबर. हे कॅमेरा आपलं आपणच लिहितो, मला माहीत होतं. पण खाली 'टिपण' म्हणून रकाना, आणि त्यात इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर. डाळज, कॅनॉलच्या पुलावरनं खाली, विहिरीच्या पुढं चिंच, चिंचेच्या मागची वस्ती, कुत्रं बांधलेलं असतंय.

फोटोवर यातलं काहीच दिसत नाही. पण ज्याच्या हातात ती फ्लॉपी पडेल, किंवा मंडळ तिच्यावरचा फोटो ज्याच्याकडे पाठवेल, त्याला सगळं वाचता येतं.

बापूसाहेबांना विचारलं. त्यांनी लगेच कबूल केलं, वर कौतुकाने सांगितलं. संध्याकाळी ते एका बोटाने टाइप करत बसतात ते हेच. पाकिटावर लिहिलेला पत्ता दुधाने भिजतो, वही हरवते, फोटो मात्र हरवत नाही. म्हणून पत्ता फोटोच्या पोटातच ठेवायचा, आणि पोचवायच्या दिवशी इंद्रजितला वाचून दाखवायचा. वाट सांगण्याची ही हुशारी त्यांना वडिलांकडून मिळाली. मी म्हटलं, पण तीच फ्लॉपी पुण्याला जाते ना? त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. म्हणाले, पोरी, हे माझ्या ध्यानातच न्हाई आलं गं.

वाईट माणूस नाही. पण आज त्यांचा राग आला, फार आला.

१६ नोव्हेंबर

दिवसभर एकच काम. प्रत्येक मुलीचा फोटो उघडायचा, नुसतं चित्र उचलून नव्या कोऱ्या पानावर चिकटवायचं, नव्या नावाने ठेवायचं, जुना पुसायचा. असं केलं की टिपण मागेच राहतं. मग 'माहिती' उघडून खात्री करायची. रकाना कोरा दिसला की बरं वाटतं, घासलेल्या ताटासारखं.

शेवटी माझा फोटो. हसत हसत उघडला. माझा कुठे पत्ता असणार?

होता. रोहिणी, आपल्याच स्टुडिओत, राहणार ठमाबाईकडं, बाजारतळामागं, लिंबाखालनं जिना, हिरवं दार.

खुर्ची ढकलून बापूसाहेबांना हाक मारली. बापूसाहेब म्हणाले, सवयीनं टाकला गं, सगळ्यांचा टाकतो तसा. आणि फोटो पाटीवर लावला नाही हे खरं, पण पुण्याच्या मंडळाला नमुना म्हणून पाठवला, टिपणासकट. त्यांनी तो त्यांच्या इंटरनेटच्या पहिल्या पानावर लावलाय, उत्तम फोटोचा नमुना म्हणून.

मी माझ्या फ्लॉपीवरचा पत्ता पुसला. पुण्याला फोन लावला. तिथे सुप्रिया नावाची बाई कॉम्प्युटर बघते. समजूतदार वाटली. पान बदलायला साहेबांची परवानगी लागते, ते गावाला गेलेत, आल्यावर करते म्हणाली.

दादासोला कॉम्प्युटर कळत नाही. हे मी आज शंभरदा स्वतःला सांगितलं. पण त्याच्या ओळखीत कळणारा कुणीतरी असेलच की.

१८ नोव्हेंबर

माझा फोटो पुन्हा उघडला. खात्रीसाठी.

रकान्यात मजकूर आहे. आधीचा नाही, नवा. बाजारतळामागं, लिंबाखालनं जिना, वरून तिसरी पायरी हलती, हिरवं दार, कडी ढिली.

तिसरी पायरी हलते हे खरं आहे. कडी ढिली आहे हेही खरं आहे. बापूसाहेब माझ्या जिन्यावर कधी आलेले नाहीत. निदान मी असताना आलेले नाहीत. म्हणजे काय समजायचं?

त्यांना विचारलं तर त्यांनी खंडोबाची आण घेतली. आण घेणारी माणसं मी टेंभुर्णीला पुष्कळ पाहिली. पुसलं.

२० नोव्हेंबर

फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक बारीक खटका असतो. तो सरकवला की फ्लॉपीवर काही लिहिता येत नाही, फक्त वाचता येतं. काल संध्याकाळी रकाना कोरा आहे हे पाहून मी खटका सरकवला आणि फ्लॉपी घरी नेऊन तांदळाच्या डब्यात तळाशी पुरली. आता बघू बापूसाहेब काय करतात.

आज दुपारी कॉम्प्युटरमध्ये घातली. खटका सरकवलेला तसाच होता. मजकूर मात्र बदललेला. हिरवं दार, आत डाव्या हाताला स्टोव्ह, तांदळाचा डबा.

२१ नोव्हेंबर

ठमाबाईंवर संशय घेतला. देवा. त्यांना सहीसुद्धा येत नाही, अंगठा करतात. फ्लॉपी दाखवली तर म्हणाल्या, ह्ये पापडाचं हाय का? त्यांच्याकडे बघून लाज वाटली. पण डबा त्यांनीच दिलेला आहे. डबा कुठे ठेवलाय ते त्यांनाच माहीत.

मग इंद्रजित. सगळ्या वस्त्यांच्या वाटा त्याला तोंडपाठ. गाडी लिंबाखाली लावतो. परवा वर बघत उभा होता, मी पाहिलंय. महामार्गावर दूध घालतो, म्हणजे ट्रकवाल्यांशी ओळख असणारच. आज चार माणसांत त्याला विचारलं, तुला किती मिळतात रे माझी बातमी द्यायचे? त्याचं तोंड एवढंसं झालं. म्हणाला, ताई, मला इंग्लिश अक्षर वळकायला येत न्हाई, म्हनून तर बापूसाहेब वाचून दावत्यात. मग खालच्या आवाजात म्हणाला, तुमी एकट्या ऱ्हाता म्हनून गाडी तितं लावत हुतो. आता न्हाय लावनार.

आणि खरंच लावली नाही. लिंबाखाली मोकळं मोकळं दिसतंय.

२४ नोव्हेंबर

मावशीचा फोन आला. स्टुडिओतच आला. मी घाबरतच घेतला.

दादासो गेला.

ट्रकसकट भीमेच्या पुलावरून खाली. चौदा तारखेला. काल दहावा झाला. मावशी स्वतः जाऊन आली, पिंडाला कावळा लवकर शिवला नाही म्हणे, सगळे ताटकळले होते. शेवटी सासऱ्यांनी दर्भाचा कावळा केला. मावशी म्हणाली, सुटलीस बाई. आता तोंड लपवू नगंस.

मी रडले नाही. हे लिहायला काय लाजायचं. महामार्गावरच्या हॉटेलात जाऊन एकटीने मच्छीचं ताट खाल्लं, काटे काढून, सावकाश. येताना एक ट्रक गेला आणि मी ओढणी तोंडावर घेतली नाही.

इंद्रजितची माफी मागायची आहे. बापूसाहेबांचीही.

२५ नोव्हेंबर

आज माफी मागितली दोघांची. बापूसाहेबांनी चहा पाजला. इंद्रजित म्हणाला, ऱ्हाऊ द्या ताई, आणि गाडी पुन्हा लिंबाखाली आणून लावली.

मन हलकं झालं म्हणून गंमत म्हणून फ्लॉपी घातली. आता कुणाला द्यायचाय पत्ता, आणि कोण येणार?

टिपण पूर्ण वेगळं होतं.

भीमेच्या पुलाच्या खालनं वर. रस्ता धरायचा. इंदापूरकडं तोंड. धाबा क्लीनर साइडला सोडायचा.

क्लीनर साइड म्हणजे डावी बाजू. ट्रकमध्ये क्लीनर डावीकडे बसतो, ड्रायव्हर उजवीकडे. बापूसाहेब असं कधीच लिहीत नाहीत. ते चिंच लिहितात, विहीर लिहितात. दादासो घरातसुद्धा असंच बोलायचा. मीठ कुठे आहे तर ड्रायव्हर साइडच्या फळीवर.

आतापर्यंत ती माझ्या घराची खूण होती. आता ती वाट झाली आहे. कुणीतरी चालत असलेली.

२६ नोव्हेंबर

इंदापूर क्लीनर साइडला ठेवून सरळ. लोणीच्या पुढं. पाणी दिसतंय ड्रायव्हर साइडला.

पुसलं. सकाळी पुसलं, दुपारी लाइट गेली, लाइट आल्यावर पाहिलं तर—

पळसदेव.

बापूसाहेबांना दाखवलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि खुर्ची जरा मागे घेतली. म्हणाले, ह्यो चालत येतोय गं. गाडी नसलेल्या मान्साची चाल हाय ही. मला बी ठावं हाय, बापाबरोबर चाललोय मी.

मग आम्ही दोघांनी फ्लॉपी मोडली. आतली काळी चकती कात्रीने कापली, स्टोव्हवर धरली. वास अजून हातांना आहे. बापूसाहेबांनी स्टुडिओ लवकर बंद केला.

आता भिगवणात माझा तो फोटो कुठेच नाही.

पुण्यात आहे.

२७ नोव्हेंबर. बारामती

पहिल्या एसटीने वैष्णवीकडे आले. ठमाबाईंना सांगितलं दोन दिवसांत येते. त्यांनी दशम्या बांधून दिल्या आणि कुठे जातेस हे विचारलंच नाही. मला वाटतं मुद्दामच विचारलं नाही.

वैष्णवीची खोली तिसऱ्या मजल्यावर, खाली एसटीडी बूथ. तिला सगळं सांगितलं. हसली नाही, पण तिला वाटतंय मी दमले आहे.

दुपारी बूथमधून सुप्रियाला फोन केला. पान अजून तसंच. साहेब आलेले नाहीत. मी म्हटलं, निदान माझा फोटो उघडून त्याच्या टिपणात काय आहे ते वाचून दाखवा. तिने उघडला. म्हणाली, फार विचित्र लिहिलंय हो, कुणी लिहिलंय हे? मी म्हटलं, वाचा.

तिने वाचलं. भिगवण आलं. लिंब. जिना चढलो. हिरवं दार उघडं. ती नाही. मागं फिरायचं. बारामतीचा फाटा, क्लीनर साइडला.

पुण्यात बसलेल्या बाईने वाचलं हे. तिला भिगवण कुठे आहे तेही माहीत नाही. तिला मी खोटं का ठरवू?

आता संशय घ्यायला कुणी उरलंच नाही. माणसांवर संशय होता तोवर किती बरं होतं.

२८ नोव्हेंबर

ठमाबाईंच्या शेजारच्या दुकानात फोन केला, त्यांना बोलावून घेतलं. बऱ्या आहेत. म्हणाल्या, तुझ्या खोलीचं दार वाऱ्यानं उघडलं हुतं बघ, मी लावलं. जिन्यावर वल्ली पावलं हुती. टाकीला गळती लागली असंल.

टाकी जिन्याच्या दुसऱ्या बाजूला आहे.

सुप्रियाला विनवलं. परवानगीशिवाय पान काढता येत नसलं तरी फोटोतलं टिपण तरी पुसा. कसं पुसायचं ते एकेक पायरी सांगितलं. कोरं पान, चित्र चिकटवा, नव्या नावाने ठेवा, तेच वर चढवा. तिने केलं. फोनवर तिचा कळफलक वाजताना ऐकू येत होता. मग ती म्हणाली, झालं, कोरं झालं. आणि लगेच म्हणाली, थांबा.

मी म्हटलं, वाचा.

तिने वाचलं नाही. मला म्हणाली, रोहिणीताई, तुम्ही आत्ता काचेच्या बूथमध्ये आहात का? निळी काच?

फोन तसाच लोंबत सोडून वर पळाले.

२९

वैष्णवी म्हणते भिगवणला जाऊ नको. कुठेच जाऊ नको. मीही जात नाही. जिथे जाईन तिथली वाट तो फोटो सांगतोच.

चेहऱ्यावर पांढरं फासायला सांगू का सुप्रियाला? फोटोतून मलाच काढून टाका म्हणू? पण मग कोऱ्या कागदालाही पत्ता—

वैष्णवीने क्लासला सुट्टी टाकली. माझ्याजवळ बसून आहे. मला बाहेरच्या जिन्यावरच्या पावलांकडे कान लावायची जुनी सवय परत लागली. आठ आठ दिवस विसरले होते मी ती. त्याचं फार वाईट वाटतंय, सगळ्यात जास्त त्याचंच.

३० नोव्हेंबर

वैष्णवीने खाली जाऊन सुप्रियाला फोन केला. मी जिन्यात उभी होते.

तिसरा मजला. ड्रायव्हर साइडचं दार. दोघी आहेत.

वैष्णवी आता मी दमले आहे असं म्हणत नाही. रात्री दिवा चालू ठेवायचं तिनेच ठरवलं.

१ डिसेंबर

वैष्णवीला क्लासवर जावंच लागलं, परीक्षा आहे. दाराला बाहेरून कुलूप, आतून कडी. चावी तिच्याकडे. दुपारी येते म्हणाली. तिच्या घरमालकांचा फोन आज खोलीत ओढून घेतलाय, लांब वायर लावून, आणि त्याचा नंबर सुप्रियाला देऊन ठेवलाय.

सुप्रियाचा फोन आला! तिनेच केला. आनंदाने बोलत होती. सकाळी आल्या आल्या उघडून पाहिलं तर टिपण कोरं. तिने पुसलं नाही. साहेबांनी नाही. कुणीच हात लावलेला नाही. दोनदा बंद करून उघडलं, कोरंच. काल दिवसभर नवं काहीतरी येत होतं, आज काही म्हणजे काही नाही. गेलं हो ताई, म्हणाली. मी रडले फोनवर. तिलाही रडू आलं. कोण कुठली बाई.

दशम्या उरल्यात, त्या खाल्ल्या. खिडकी उघडली. ऊन आत आलं. ठमाबाईंना कळवायला पाहिजे.

थोड्या वेळाने

पुन्हा विचारलं सुप्रियाला. कोरंच आहे.

मी हे का लिहिते आहे कळत नाही. आनंद झालाय मला. झाला होता.

कोरं का होईल पण? कुणी पुसलं नाही तर.

वाट विचारणारा माणूस विचारायचं कधी बंद करतो—

कडी आतून मीच लावली. कुलूप बाहेर. खोलीत कुणी नाही, मी पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, मोरीत पाहिलं. फरशी ओली आहे. मी सांडलं नाही पाणी.

मी पलंगावर बसले आहे. भिंतीला टेकून. वही मांडीवर. क्लीनर साइडला भिंत. दुसऱ्या बाजूला—

गादी दबली. माझ्या शेजारी. हळूच, कुणीतरी सावकाश बसावं त